मेळघाटला सेवेसाठी निघताय? पहिल्यांदा जाणाऱ्या तरुण संघासाठी

दर वर्षी नाताळ जवळ आला की कुठल्या ना कुठल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, मला फोन येतो. "ताई, तुम्ही मेळघाटला जाऊन आलात ना? आमचाही तरुण संघ निघालाय. काय काय न्यायचं?" मी उलट विचारते, "तिथून कोणी बोलावलंय का?" बहुतेक वेळा पलीकडचा आवाज जरा घुटमळतो.

मी आत्तापर्यंत चार खेपा केल्या. पहिल्या खेपेला चुकण्यासारखं जे जे होतं ते सगळं चुकलं. तेच फोनवर पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके म्हणजे ढोबळमानाने मेळघाट. वस्ती मुख्यतः कोरकू आदिवासींची, आणि बराच भाग व्याघ्र प्रकल्पात येतो. नव्वदच्या दशकात कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे हे नाव राज्यभर पोचलं आणि तेव्हापासून इथे मदत घेऊन येणाऱ्यांची रीघ आहे. आपण काही पहिले नाही, हे डोक्यात ठेवूनच निघा.

१. आधी बोलावणं, मग तिकीट

तिथे बाराही महिने राहणारं कोणी तरी तुमच्या ओळखीचं हवं. स्थानिक मंडळीचे पाळक (पाद्री) असतील, मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टर असतील, एखादे शिक्षक असतील. अशी ओळख नसेल तर या वर्षी जाऊ नका. दोघा-तिघांनी साध्या कपड्यांत जाऊन भेटून या, चहा प्या, ऐका. उरलेले पुढच्या वर्षी.

पहिल्या खेपेला आम्ही तिथल्या पाळकसाहेबांना तीन पानी पत्र पाठवलं होतं. त्यात मुलांसाठी शाळा, बाहुल्यांचे खेळ, एकांकिका, गाण्यांचा कार्यक्रम, कपडेवाटप, सगळं तासातासाने मांडलेलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: "हातपंपाभोवती फार चिखल होतो, ओटा बांधायला माणसं मिळतील का?"

आम्हाला ते किरकोळ वाटलं. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या दिवशी 'श्रमदान' असं लिहून मोकळे झालो. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

यजमानाला विचारायचं ते इतकंच: या आठवड्यात तुम्हाला कशासाठी माणसं कमी पडतात? आणि आमच्यातली किती माणसं तुम्हाला जड होणार नाहीत? दुसरा प्रश्न विसरू नका. आम्ही एकवीस जण गेलो होतो. घरात संडास एक. वहिनी, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, पहाटे चारला उठून आमच्या अंघोळीचं पाणी तापवत होत्या, आणि त्या आठवड्यात त्यांची महिलांची सभा झालीच नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं. आता आम्ही दहाच्या वर जात नाही.

२. तारीख: घरं उघडी आहेत का?

आपल्याला दिवाळीची नाही तर नाताळची सुट्टी सोयीची. पण खरिपाची कामं उरकली की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला घरी परततात. डिसेंबरच्या मध्यावर आम्ही गेलो तेव्हा निम्म्या दारांना कुलपं, आणि अंगणात म्हातारी माणसं व त्यांच्या राखणीतली पोरं. होळीत सगळे घरी असतात खरे, पण तो त्यांचा वर्षाचा सण. त्यात आपला कार्यक्रम घुसवणं म्हणजे आपल्याकडे कोणी नाताळच्या सकाळी मतदारयादी तपासायला येण्यासारखं आहे.

पावसाळ्यात गरज सगळ्यात मोठी, कारण घरातलं धान्य संपलेलं असतं आणि आजार वाढलेले असतात. पण नाल्यांना पूर आला की रस्ते बंद पडतात आणि अडकलेले पाहुणे म्हणजे यजमानाला आणखी एक आपत्ती. तेव्हा तारीख त्यांनाच ठरवू द्या. नोव्हेंबरचे पहिले आठवडे आम्हाला बरे गेले. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर रात्रीची थंडी हाडात शिरते. शाल नव्हे, जाड पांघरूण घ्या.

३. कागदपत्रं

एक फाइल करा आणि तिची एक झेरॉक्स यजमानाकडे द्या. आमच्या फाइलमध्ये असतं ते असं:

- यजमान मंडळीचं किंवा संस्थेचं बोलावण्याचं पत्र, तारखांसह
- आपल्या मंडळीचं पत्र, त्यात प्रत्येकाचं नाव, वय आणि काम
- सगळ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती आणि घरचा एक फोन नंबर
- अठराच्या आतल्यांसाठी आईवडिलांचं सहीचं संमतिपत्र
- ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची पोच (हातपंप, समाजमंदिर, रस्ता, काहीही सार्वजनिक असेल तर त्यांच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही)
- जवळच्या पोलिस ठाण्याला दिलेल्या माहितीची पोच
- डॉक्टर बरोबर असतील तर त्यांच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि औषधांची यादी, मुदतीच्या तारखांसह

पोलिस ठाण्याचं पत्र पाहून आमच्यातले काही जण म्हणाले, "आपण काय गुन्हेगार आहोत का?" अहो, अनोळखी माणसांनी भरलेली गाडी जंगलातल्या गावात शिरते तेव्हा प्रश्न विचारणं हे त्यांचं कामच आहे. शिक्क्याची पोच खिशात असली की पाच मिनिटांत बोलणं संपतं.

आश्रमशाळेत काही करायचं असेल तर नुसत्या मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर जाऊ नका. धारणीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, परवानगी तिथून लेखी घ्यायची. आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८ व्या कलमातच आहे. तिथे खेळ घ्या, गणित शिकवा, दात कसे घासायचे ते दाखवा. गाण्यांची वही घरी ठेवा.

४. पैसे

वर्गणी, पावती, वही, हे आपल्या मंडळींना नवीन नाही. नवीन असतं ते परदेशातून येणारं दान. खजिनदारांनी हे दोनदा वाचावं: २०१० च्या विदेशी अभिदान कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळीने परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे नाहीत. लंडनला असलेल्या काकांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि ते स्वतःच्या बचतीतून देत असतील तर ते परदेशी दान होत नाही. त्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, हाती ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ते परदेशी दान ठरतं. 'आपलेच काका' हे उत्तर इथे चालत नाही.

तेच काका बरोबर यायचं म्हणत असतील तर आणखी एक गोष्ट. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही आणि ओसीआय कार्डधारकालाही मिशनरी कामासाठी वेगळी परवानगी काढावी लागते. त्यांना मनापासून सलाम सांगा आणि इथे नगरलाच नातवंडांबरोबर राहू द्या. (कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच आहे.)

खर्चातला मोठा हिस्सा प्रवासाचा असतो. पहिल्या खेपेला आमच्या येण्याजाण्यात जेवढे पैसे गेले तेवढ्यात असे चार ओटे उभे राहिले असते, हे हिशोबाच्या वहीत स्वच्छ दिसतं. हा आकडा मी दर वर्षी नव्या मुलांना मुद्दाम दाखवते. त्यावर दोघं-तिघं गप्प होतात, एखादा म्हणतो मग पैसेच पाठवू या. कधी कधी तोच बरोबर असतो. एका वर्षी आम्ही खरंच फक्त पैसे पाठवले.

जे विकत घेता येईल ते तिथल्या बाजारातून घ्या. सिमेंट, तांदूळ, डाळ, बादल्या, सगळं परतवाड्यात किंवा धारणीत मिळतं. गवंडी त्याच गावातला लावा आणि त्याला रोजची मजुरी रोज द्या. फुकटच्या श्रमदानाने एखाद्याचा रोजगार बुडत नाही ना, ते बघा.

५. काय न्यायचं नाही

जुने कपडे नेऊ नका. दोन पोती निघाली आणि आम्ही ती रेल्वेतून, मग जीपच्या टपावरून नेली. वहिनींनी ती ओसरीवर ओतली आणि एकेक उचलून ठेवायला सुरुवात केली. तीन टाय निघाले. एक कोट, खांद्यात कापूस घातलेला. उंच टाचेची एकच चप्पल. लग्नातल्या जरीच्या साड्या, काठ उसवलेले. चेन तुटलेल्या जीन्स. वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त चपलेची जोडी पोत्यात कुठे आहे का म्हणून तळापर्यंत हात घालून शोधत राहिल्या. आमच्यातली एक मुलगी उठून बाहेर गेली, कारण ती चप्पल तिच्याच घरची होती.

दूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या तर मुळीच नेऊ नका. कुपोषण म्हटलं की आपल्या महिला मंडळाच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा डबाच येतो. पण १९९२ च्या कायद्याप्रमाणे तान्ह्या मुलांसाठीची दूध पावडर किंवा बाटली अशी वाटता येत नाही. अनाथालयाला देण्यापुरतीच त्यातून सूट आहे. कारणही साधं आहे. पावडर कालवायला नाल्याचं पाणी, बाटली उकळायला पुरेसं सरपण नाही, बाळाला जुलाब लागतात, आणि तोवर आईचं दूध आटलेलं असतं. डबा आठवड्यात संपतो. आपण तेव्हा नगरला पोचलेलो असतो.

चॉकलेटं, फुगे, खाऊची पाकिटं हेही नको. जंगलात प्लास्टिक पडतं, आणि पोरांना सवय लागते ती गाडी दिसली की हात पसरून धावायची.

आता काय न्यावं? आमच्या चार खेपांमधली सगळ्यात उपयोगी वस्तू शर्टाच्या खिशात मावणारी होती: जवळचं दिसायचे तयार चष्मे, दीड, दोन आणि अडीच नंबरचे. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं ते कोरकू आजीलाही आणि नगरच्या शिक्षिकेलाही. अशाच एका आजींच्या नाकावर दोन नंबरचा ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सुपातले तांदूळ डोळ्यांशी आणले आणि एकेक खडा काढून जमिनीवर टाकायला लागल्या. सूप संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग चष्मा न काढता तशाच आत निघून गेल्या. मात्र डोळा लाल असेल, पांढरट दिसत असेल, अचानक दिसेनासं झालं असेल तर चष्म्यावर भागवू नका. तो रुग्ण दवाखान्याचा.

६. आरोग्य तपासणी

नोंदणीकृत डॉक्टर नसेल तर शिबिर नाही, इथे तडजोड करू नका. 'नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंजेक्शन छान देते' ही मुलगी तिथे वजनकाट्यापाशी बसेल. तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी कळवा, जमल्यास त्यांच्याच ठरलेल्या दिवसाला जोडून घ्या. गोळ्या आपण देऊन निघून जातो, त्यावर उलटी झाली तर रात्री दार त्यांचंच वाजतं.

आपल्याला येण्यासारखं काम आहे ते मोजायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर टेपने मोजतात. तो ११.५ सेंमीच्या खाली भरला तर मूल तीव्र कुपोषित धरलं जातं. टेप अंगणवाडी ताईंकडे असते, त्यांच्याकडूनच शिका आणि नोंद त्यांच्याच वहीत करा. असं मूल सापडलं की खाऊ देत बसू नका, ताई किंवा आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, त्याला पुढे कुठे पाठवायचं ते जाणतात. त्यांना गाडी लागत असेल तर आपली गाडी द्या. आमच्या तिसऱ्या खेपेला सबंध आठवड्यातलं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं: जीप आणि तिचं डिझेल.

गावात भुमका असतो, म्हणजे त्यांचा पारंपरिक वैद्य आणि पुजारी. लोक आधी त्याच्याकडे जातात. त्याची टिंगल करणारा एक शब्द तुमच्या तोंडून गेला की तो संध्याकाळपर्यंत गावभर झालेला असतो आणि आशाताईंचं दोन वर्षांचं काम मागे जातं. लहान मुलाच्या पोटावर चटके दिसले तर आरडाओरडा न करता आशाताईंना बाजूला घेऊन सांगा.

सुया, कापूस, हातमोजे तिथल्या खड्ड्यात टाकायचे नाहीत. आरोग्य केंद्राशी आधी बोलून त्यांच्याकडे जमा करा.

७. प्रार्थना आणि सुवार्ता

हा भाग लोक मला दबक्या आवाजात विचारतात. मी मोकळेपणाने सांगते.

आपण ख्रिस्ती आहोत हे लपवायचं नाही. संविधानाचं २५ वं कलम आपल्यालाही आहे. सकाळची उपासना यजमानांच्या घरात किंवा तिथल्या मंदिरात (चर्चमध्ये) करा, रविवारी तिथल्या मंडळीबरोबर बसा. कोणी विचारलं तर साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगा. पण औषधाच्या रांगेत प्रार्थना नाही, तांदळाच्या पिशवीत पत्रिका नाही, चष्मा देताना 'येशूने पाठवला' नाही. देणं आणि सांगणं एकत्र बांधलं की त्याला आमिष म्हणतात. कायद्यात म्हणतात ते तर आहेच, पण माझ्या मते शुभवर्तमानालाही ते शोभत नाही. ज्याला गोळी हवी आहे तो हात जोडून काहीही म्हणेल.

धारणी तालुक्याची हद्द मध्य प्रदेशाला लागून आहे. पलीकडे २०२१ चा धर्म स्वातंत्र्य अधिनियम लागू आहे आणि त्यात धर्मांतरापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना साठ दिवस आधी कळवावं लागतं. 'नाल्यापलीकडेच तर गाव आहे' म्हणून परस्पर जाऊ नका. हे कायदे बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या महिन्यात दोन्ही राज्यांबद्दल एखाद्या वकिलाला विचारून घ्या. बाप्तिस्मा वगैरे आपल्या आठवड्यात अजिबात नको. त्याची जबाबदारी तिथे राहणाऱ्यांवर पडते.

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट मला इथे नेहमी आठवते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, म्हणजे याच बाजूला, आणि पोरक्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. रमाबाईंचा तो प्रवास छोटाच होता. पण पुढची पंचवीस वर्षं त्या मुली त्यांच्या पंगतीला होत्या.

८. पोचताना आणि पोचल्यावर

नगरहून रेल्वेने मनमाड-भुसावळमार्गे बडनेऱ्याला उतरा. तिथून परतवाडा साठेक किलोमीटर. परतवाड्याला पोट भरून जेवा, गाडीत डिझेल भरा, एटीएममधून सुट्टे काढा, घरी फोन करा. पुढे घटांग, सेमाडोह, हरिसालवरून धारणीपर्यंत शंभरेक किलोमीटर घाट आणि जंगल आहे, मोबाइलची रेंज येते-जाते. दिवस मावळायच्या आत पोचा. वाटेत खाली उतरून फोटो काढू नका, तो व्याघ्र प्रकल्प आहे. उलटीची गोळी बसायच्या आधी घ्यायची असते, ओकारी आल्यावर नाही.

भाषेचा धडा आम्हाला पहिल्याच संध्याकाळी मिळाला. आम्ही मराठीतून बसवलेली एकांकिका झाली आणि कोणी हसेना, कोणी रडेना. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीची बहीण. मराठीशी तिचं नातं नाही. बाहेरच्यांशी धारणीकडे लोक बरेचदा हिंदीतून बोलतात. यजमानांकडून पाच-सहा कोरकू शब्द शिका, चुकीचे उच्चारलेत तर पोरं हसतील, तेवढ्याने ओळख होते.

गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मध्ये रुंद वाट. झाडाखाली कोरीव लाकडी खांब दिसले तर त्यांना टेकू नका, ते त्यांच्या वाडवडिलांचे आहेत. ताटात आलेलं खा, पण पुन्हा वाढा म्हणू नका. त्या घरातली बाई अजून जेवायची असते.

मुलांचे फोटो: आईला विचारल्याशिवाय नाही, आणि हडकुळ्या मुलाचा तर विचारूनही नाही. आमचा नियम असा की आठवडाभर फोन एकाकडेच, बाकीच्यांचे पिशवीत.

आता ओट्याचं. पहिल्या खेपेला शेवटच्या दिवशी आम्ही तो ओतला, फोटो काढले आणि संध्याकाळी निघालो. ओतलेल्या काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, हे आमच्यातल्या दोन इंजिनिअरांना माहीत नव्हतं असं नाही. पण मारणार कोण, हे कोणाशीच बोललो नाही. शिवाय चाळीस घरांचा एकच पंप, बायका पाण्याला येणारच. दुसऱ्या सकाळी ओल्या सिमेंटवर पावलं उमटली, उन्हाळ्यात भेगा गेल्या, पावसात चिखल होता तिथेच.

दुसऱ्या खेपेला गावातल्या गवंड्याने काम हातात घेतलं. त्याने पहिल्याच दिवशी ओटा निम्मा ओतला, निम्मी बाजू पाण्याला येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली, तिसऱ्या दिवशी दुसरी बाजू. आम्ही वाळू वाहिली आणि तो सांगेल ते केलं. वाहून जाणारं पाणी नालीने शोषखड्ड्यात सोडलं. पाणी मारायला त्याने दोन मुलं ठरवली आणि त्यांची मजुरी आम्ही आधीच देऊन आलो.

९. परत आल्यावर

आठ दिवसांच्या आत खर्चाचा हिशोब मंडळीत वाचून दाखवा, उरलेल्या पैशांसकट. अहवालात 'आम्ही त्यांना दिलं' अशी वाक्यं किती आहेत ते मोजा आणि निम्मी कापा. ज्यांच्या परवानगीने फोटो काढले त्यांना ते छापून पाठवा, मोबाइलवर नव्हे, कागदावर. तेवढा एक शब्द पाळला तर पुढच्या वर्षी दारात खाट टाकली जाते.

आणि पावसाळा संपला की यजमानांना फोन करा. आम्ही गेल्या महिन्यात केला. ओटा शाबूत आहे, नाली मात्र गाळाने भरली आहे आणि शोषखड्ड्यावरची फरशी कोणी तरी उचलून नेली आहे. वहिनींनी शेवटी फोन घेऊन सांगितलं, या वेळी सहा जणच या, आणि दोन नंबरचे चष्मे वीस आणा, दीडचे कोणी घेत नाही.